बिनमाणसाची पाठराखीण

त्या यंत्राचं खेळणं माझ्या गणपतीशेजारी ठेवायची काय गरज होती, हे मला अजून कळलेलं नाही. हातभर लांबीचं, पांढरं, प्लास्टिकचं. पंख आहेत, शेपूट आहे, पण विमानात माणूस बसतो ती काच मात्र नाही. इथे कोलकात्यात, आमच्या बेहालाच्या बाजारात मासेवाला कटल्याचं डोकं उडवतो आणि उरलेला मासा फळीवर ठेवतो ना, तसं दिसतं ते. मुलाने ऑफिसातून आणलं, देवाच्या बाजूच्या फळीवर ठेवलं आणि म्हणाला, "आई, हे माझं सहा वर्षांचं काम."

मी म्हटलं, "याला तोंड कुठंय?"

"तोंड नसतं त्याला."

"मग बोलतं कशाने?"

तो हसला. त्या दिवशी मीही हसले. आता हसू येत नाही.

मुलगा सॉल्ट लेकला एका खाजगी कंपनीत आहे. बेहालाहून रोज तिकडे जायला त्याला दीड तास लागतो, यायला दोन. तिथे बसून तो विमानाचं डोकं लिहितो. म्हणजे काय, ते मी त्याच्याकडून तीनदा समजून घेतलं, कारण मी सातवीपर्यंत शिकलेली, पुढचं सगळं वर्तमानपत्रांतून आणि रद्दीतून. ते असं आहे: लढाऊ विमानात माणूस असतो. त्याच्या शेजारून, जरा मागून, हे माणूस नसलेलं विमान उडणार. स्वतःचं स्वतः. जमिनीवर बसून कुणी त्याची दोरी हलवत नाही. वैमानिकाने सांगितलं पुढे जाऊन बघ, की ते पुढे जाणार. सांगितलं माझ्या मागे राहा, की मागे राहणार. आणि शत्रूने काही सोडलं तर ते आपल्या अंगावर घेणार. अजून सैन्यात आलेलं नाही. सध्या मोठमोठ्या खोल्यांमध्ये पडदे लावून त्याची परीक्षा चालते. वैमानिक खोट्या विमानात बसतो, समोर खोटं आकाश, आणि मुलाने लिहिलेलं ते डोकं शेजारून उडतं.

आता घरात हा विषय इतका का तापला ते सांगते. माझ्या मुलीची मुलगी, माझी नात, लढाऊ विमान चालवते. खरं विमान, खऱ्या आकाशात. तिची नेमणूक इथून आगगाडीने काही तासांवर आहे. रजा मिळाली की आईकडे नागपूरला न जाता आधी माझ्याकडे येते, कारण माझ्याकडे तिला कुणी लग्नाचं विचारत नाही. विचारायचं कारणही उरलं नव्हतं, लग्न ठरलेलंच होतं. नवरा मुलगा लष्करात, इथल्याच फोर्ट विल्यमला. दोघांनाही लांब जायला सुट्टी नाही, म्हणून लग्न इथे कोलकात्यातच करायचं ठरलं.

तर मुलाने मला ते यंत्र समजावून सांगितलं तेव्हा मी पटकन बोलून गेले, "म्हणजे पाठराखीणच की रे ही!"

माझी चूक. तोंडातून गेलेला शब्द.

आजच्या मुलींना पाठराखीण माहीत नसते. नवी नवरी सासरी जायची तेव्हा माहेरची एक बाई तिच्यासोबत पाठवत. आत्या, मावशी, थोरली बहीण, कुणीतरी. नवरी परक्या घरात एकटी पडू नये, कुणी बोललं तर तिच्या बाजूने बोलायला माणूस असावं, म्हणून. चार-आठ दिवस राहून ती परत जायची. माझ्यासोबत माझी विधवा आत्या आली होती. अमरावतीहून कोलकाता म्हणजे त्या काळी दुसरं विलायतच. माझे सासरे रेल्वेच्या कचेरीत, गार्डन रीचला क्वार्टर. नदीवरच्या जहाजांचे भोंगे ऐकले की मी दचकायची आणि आत्या म्हणायची, "अगं, म्हैस हंबरतेय असं समज." आत्याचा आवाज मोठा होता आणि जीभ धारदार. माझ्या सासूबाई तिला वचकून असत.

मुलाला तो शब्द इतका आवडला की त्याने तो ऑफिसात नेला. महिनाभराने हौसेने मला फोनवर एक चित्र दाखवलं. पडद्यावर ते बिनडोळ्याचं विमान, आणि खाली इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, पाठराखीण. त्यांच्या गटाने त्या कामाला घरगुती नाव दिलं होतं. "बंगाली पोरांना उच्चार येत नाही, पण सगळे तेच म्हणतात आता," म्हणाला. कौतुकाने सांगत होता, मला मात्र आत्याचं लुगडं कुणीतरी फरशी पुसायला घेतल्यासारखं वाटलं. मी काही बोलले नाही. तेव्हाच बोलायला हवं होतं.

आश्विनात नात रजेवर आली. रात्रीचं जेवण आमच्याकडे आठला होतं, पण त्या दिवशी मुलगा लवकर घरी आला आणि चहाच्या वेळेलाच जेवणाच्या टेबलाशी बसला. सूनबाई स्वयंपाकघरात लुची, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, तळत होती. सून बंगाली आहे. माझ्याशी मराठी बोलते, भांडताना सोडून. मी मेथी निवडत होते. नात माझ्या समोर बसून देठं खुडत होती. खरं म्हणजे पानं वाया घालवत होती.

मुलगा म्हणाला, "फ्लाइट लेफ्टनंट मॅडम, तुमच्याशी काम होतं."

"मामा, ऑफिसचं असेल तर नको. घरी नाही बोलायचं."

"ऑफिसचं नाही. माझं आहे."

मला काही कळेना. मग हळूहळू कळलं. त्या पडद्यांच्या खोलीत परीक्षा घ्यायला ज्या वैमानिकांना बोलावलं होतं त्यांत आमची पोरगी होती. मामाला माहीत नव्हतं, भाचीला माहीत नव्हतं. हिने ते खोटं विमान उडवलं, आणि आता हिला आपलं मत लिहून द्यायचं होतं. तिचं लिहून झालं होतं, रजा संपली की ती ते देणार होती. तिने आत काय लिहिलं याची कुणकुण मामाला लागली होती, कारण परीक्षा संपल्यावर त्या खोलीतच सगळ्यांसमोर ती बोलली होती.

"एक ओळ आहे," मुलगा म्हणाला. "बाकी सगळं तसंच ठेव. चांगलं-वाईट जे काय असेल ते. ती एक ओळ फक्त जरा सौम्य कर."

"कुठली ओळ?" मी विचारलं.

"आई, तू मेथी निवड."

मी त्याच्याकडे पाहिलं. सत्तेचाळीस वर्षांचा घोडा, पण त्या नजरेला अजून उत्तर देत नाही. नातीनेच सांगितलं. ओळ इंग्रजीत होती, मराठीत तिचा अर्थ असा: मी त्याच्या भरवशावर वळले, ते तिथे नव्हतं, मी मेले.

माझ्या हातातली जुडी खाली पडली.

"अगं आजी, खोटंच मेले. पडद्यावर."

झालं होतं असं. लढाईत शत्रू लहरी सोडून विमानांचा एकमेकांशी संपर्क तोडतो. त्या खोट्या लढाईतही तसा तोडला. मुलाने यंत्राच्या डोक्यात लिहून ठेवलं होतं की संपर्क तुटला की गुपचूप घरी परत यायचं, कारण भरकटलेलं शस्त्र कुणाच्या डोक्यावर पडेल सांगता येत नाही. तेवढं मलाही पटलं. पण नातीच्या समोरच्या पडद्यावर त्या यंत्राची एक हिरवी खूण असते, ते कुठे आहे ते दाखवणारी. यंत्र निघून गेलं तरी खूण तिथेच राहिली. तिच्या मागे, डाव्या अंगाला. तिने पाहिलं, खूण आहे, म्हणजे पाठ झाकलेली आहे. ती निर्धास्त वळली.

"खूण का राहिली?" मी मुलाला विचारलं.

"कारण संपर्क क्षणभर तुटतो आणि परत जुळतो, दहा वेळा. दरवेळी खूण नाहीशी केली तर वैमानिक घाबरेल. त्याला उगाच ताण नको, म्हणून शेवटच्या जागी ठेवली. मीच ठरवलं ते. चांगल्यासाठी ठरवलं." मग तो भाचीकडे वळला. "आणि ते सुधारता येतं. एका आठवड्याचं काम आहे. पण 'मी मेले' असं कुणी लिहितं का? नाटक आहे का ते? वरचे लोक तेवढीच ओळ वाचतील. सगळं काम परत पाठवतील. 'वैमानिकाला सूचना उशिरा मिळते' असं लिही. खोटं आहे का ते?"

"खोटं नाही," नात म्हणाली.

"मग?"

"पण मला सूचना उशिरा नाही मिळाली, मामा. मिळालीच नाही."

"तांत्रिकदृष्ट्या..."

"तांत्रिकदृष्ट्या मी मेले."

"तोंड बघा हिचं!" मुलाने टेबलावर हात आपटला. "कोणासाठी करतोय मी हे? तुम्हाला आत जावं लागू नये म्हणून. ते जळलं तर जळू दे, कुणी रडणार नाही. तू जळलीस तर ही म्हातारी..." त्याने माझ्याकडे बोट केलं आणि थांबला.

खोटं का सांगू, तेवढ्यापुरती मी त्याच्या बाजूची झाले. सहा वर्षं मी या पोरीच्या फोनची वाट बघत झोपते. तिच्याऐवजी ते पांढरं मढं पुढे जाणार असेल तर जाऊ दे की. वाटलं मला तसं. आजही कधीकधी वाटतं. आणि म्हणूनच त्या यंत्राचा मला इतका राग आहे. त्याने माझ्या भीतीवरच आपलं घर बांधलं.

नात देठं खुडत राहिली. या मामाने तिला तीन उन्हाळे याच टेबलावर गणित शिकवलं होतं. तिच्या आईबापांनी विमानाला विरोध केला तेव्हा हाच नागपूरला जाऊन भांडला होता. ते ओझं तिच्या खांद्यावर मला दिसत होतं. शेवटी ती म्हणाली, "बघते."

आमच्या घरात बघते म्हणजे हो. मुलालाही ते कळलं. तो खुर्चीत सैल झाला, बशीतला लुचीचा तुकडा उचलला.

आणि मी जे पन्नास वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, आमच्या यजमानांनासुद्धा नाही, ते सांगायला लागले.

म्हटलं, "माझ्या पाठराखिणीची गोष्ट अर्धीच ठाऊक आहे तुम्हाला."

"आई, आत्ता?"

"आत्ताच. तू शब्द नेलास ना माझा, मग पूर्ण ने."

आत्या चार दिवस राहिली असं मी सगळ्यांना सांगते. पाचव्या दिवशी सकाळी मी उठले तर आत्या दिसली नाही. पण गॅलरीतल्या दोरीवर तिचं लुगडं वाळत होतं. हिरवट, बारीक काठाचं. मी म्हटलं, शेजारी गेली असेल, नाहीतर नदी बघायला. लुगडं आहे म्हणजे बाई आहे. दिवसभर कामं चालली. येता-जाता मी दोरीकडे बघायची आणि माझी छाती भरून यायची. माहेरचं माणूस आहे मागे! संध्याकाळी सासूबाईंनी आमटी तोंडात घातली आणि म्हणाल्या, "दोनदा दाखवलं तरी गूळ घालत नाहीस. माहेरी काही शिकवलंय की नाही?" इतर दिवशी मी मान खाली घातली असती. त्या दिवशी मान वर केली. मोठ्याने म्हटलं, गॅलरीपर्यंत जाईल इतक्या मोठ्याने, "आमच्याकडे आमटीला आमटीची चव असते, खिरीची नाही."

नात फस्सकन हसली.

"हस. मीपण हसले होते. आता आत्या आतून येणार, दोन शब्द ठेवून देणार, असं मला वाटलं. कुणी आलं नाही. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, 'कुणाच्या जोरावर बोलतेस? ती पहाटेच्या गाडीने गेली.' "

मला न उठवता गेली होती. मी रडेन म्हणून. आणि लुगडं मुद्दाम ठेवून गेली होती. पुढे तिचं कार्ड आलं, त्यात तिने लिहिलं, पोरीला वाटू दे की मी आहे. मायेने केलं हो तिने. जगात माझ्यावर तिच्याइतकी माया कुणी केली नाही. पण त्या एका वाक्याची शिक्षा मी सासूबाई जाईपर्यंत भोगली. अठरा वर्षं. माझ्या हातची आमटी त्यांनी परत ताटात घेतली नाही. आत्या नाही हे मला ठाऊक असतं तर मी गूळ घातला असता, गप्प बसले असते, माझी मी सांभाळून राहिले असते. एकटी पडले म्हणून माझं नुकसान झालं नाही. मी एकटी नाही असं मला दाखवलं, त्याने झालं.

स्वयंपाकघरात कढई वाजायची थांबली होती, म्हणजे सूनही ऐकत होती.

नातीने विचारलं, "किती वेळ तुला कळलं नाही, आजी?"

"सकाळपासून दिवेलागणीपर्यंत."

"मला अकरा सेकंद," ती म्हणाली.

"अकरा सेकंद!" मुलगा उसळला. "बघ, अकरा सेकंदांसाठी..."

"मामा, सगळं तेवढ्यातच झालं." ती उठली, मेथीची देठं गोळा करून सुपात टाकली. "ओळ राहील. आणि आपण आत्ता जे बोललो, ते मी खरं तर वर सांगायला पाहिजे. नाही सांगणार. पण पुन्हा मला विचारू नकोस."

मुलाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्या ताटात माती कालवली. "झालं समाधान?" म्हणाला. "स्वतःच्या पोराचा गळा कापलास. आमटीच्या गोष्टीने!"

"गळा कापला असेल तर तुझ्या यंत्राचा. त्याला गळा असेल तर."

सून दारात येऊन उभी राहिली. नवऱ्याला म्हणाली, "खूण काढून टाकली असतीस तर काय बिघडलं असतं?" मराठीत म्हणाली. तो न जेवता उठून गेला.

पुढे व्हायचं तेच झालं. ओळ वर गेली. काम परत आलं. एवढंच नाही, मुलाकडून ते काढून दुसऱ्याच्या हाती दिलं. सहा वर्षांचं काम दुसऱ्याचं झालं. मला वाईट वाटलं का? आई आहे, वाटलं. पण त्याने भाचीला माझ्या टेबलावर बसवून जे करायला सांगितलं, त्याबद्दल मी त्याला माफ केलेलं नाही. त्याच्या तोंडावर सांगितलंय, इथेही लिहिते. तो मला म्हणतो, "तुला लहरी आणि लुगडं यातला फरक कळत नाही." नसेल कळत. ते पांढरं खेळणं मी फळीवरून उचललं आणि तांदळाच्या डब्यामागे टाकलं. त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

मार्गशीर्षात लग्न आलं. आमच्यात मंगलाष्टकं होताना नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. तोच तिला बोहल्यावर आणतो, आणि गौरीहराला बसताना नेसायची पिवळी साडीही त्याचीच. मुलाने आठवडाभर आधी मला सांगितलं, "मी येणार नाही. दुसरा कुणी उभा करा. यंत्र करा उभं."

म्हटलं, "नको येऊस. मी उभी राहीन. खूण ठेवून पळणाऱ्यांपेक्षा बरी."

फार लागेल असं बोलले. लागायलाच हवं होतं.

इथे लग्नाला घरं भाड्याने मिळतात. बेहालातच एक घेतलं होतं. सकाळी दहापर्यंत मामाचा पत्ता नव्हता. माझी मुलगी, नवरीची आई, नागपूरहून आलेली, ती दर पाच मिनिटांनी मला विचारत होती आणि मी दर पाच मिनिटांनी तिच्यावर खेकसत होते. सुनेने आणलेली पिवळी साडी नेसून पोरगी गौरीहरापुढे बसली. भटजींनी घाई केली तेव्हा मी पदर खोचला आणि तिला आणायला निघाले. दारात मुलगा उभा. दाढी न केलेला, सदरा चुरगळलेला. माझ्याकडे बघितलंही नाही. भाचीचा दंड धरला आणि तिला बोहल्यावर घेऊन आला. वाटेत एक शब्द नाही. तीही बोलली नाही. त्या दिवसापासून आजपर्यंत दोघांचं धड बोलणं झालेलं नाही, हेही सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की सगळं गोड झालं.

अंतरपाट धरला. मंगलाष्टकं सुरू झाली. पहिलंच कडवं चाललं होतं आणि पोरीने मान वळवून मागे पाहिलं.

भटजी म्हणाले, "ताई, समोर."

मुलगा दात आवळून हळूच म्हणाला, "आहे."

मी जवळ होते, ऐकलं. दुसऱ्या कडव्याला ती परत वळली. तो म्हणाला, "आहे." बायका हसायला लागल्या, नवरा अंतरपाटावरून डोकवायला लागला. तिसऱ्यांदा ती वळली तेव्हा मात्र त्याचा सगळा राग बाहेर आला. सगळ्या मांडवाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात खेकसला, "आहे गं, आहे! तू समोर बघ!"